अकरा डिस्का आणि कुलूपताई

आमच्या प्रयोगशाळेत त्यांना सगळे कुलूपताई म्हणत. प्रेमाने नव्हे. बैठक लांबली, जेवणाची सुट्टी बुडाली, साहेबांचं डोकं फिरलं, की कारण बहुतेक वेळा एकच असे : ताईंनी पुन्हा कुलपाचा विषय काढलेला असे. हसणाऱ्यांत मीही होतो, हे आधीच सांगून टाकतो. पुढे जे झालं त्यात माझा हात होता, आणि हे अगदी शब्दशः खरं आहे.

हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर आमची प्रयोगशाळा. घराण्यात पिढ्यान् पिढ्या उतरणारे आजार शोधायचे, हे आमचं काम. माणूस खाली रक्त देतो, नळी वर येते, मी त्यातला डीएनए वेगळा करून यंत्राला लावतो आणि यंत्र त्या माणसाची सगळी अक्षरं वाचून काढतं. तीनशे कोटी अक्षरं. त्याची फाइल झाली की माझं काम संपलं. तिथून पुढे ताई. फाइल जपणं, डॉक्टरांनी मागितली की काढून देणं, सोबत घराण्याचा तक्ता जोडणं : कोण कुणाचा भाऊ, कोण कुणाची आत्या, कोण कशाने गेलं.

ताई अठराव्या वर्षी इथे काचेच्या नळ्या धुवायला लागल्या होत्या. नळ्यांवरून नोंदवहीवर, नोंदवहीवरून संगणकावर, असं करत करत बावन्नाव्या वर्षी त्या नोंदींच्या प्रमुख झाल्या. शिकवलं कुणीच नाही. विचारून, चुकून आणि भांडून शिकल्या. उंची बेताची, आवाज मात्र जिन्यापर्यंत जाई. यजमान शिंपी. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं मशीन, मागच्या खोलीत संसार. ते इतके शांत की ताईंनी दोघांच्या वाटचा राग एकटीनेच उचललाय असं आम्ही म्हणायचो. एकदा मी त्यांच्याकडे पँट शिवायला टाकली तेव्हा सहज विचारलं, "ताईंचं हे कुलपाचं वेड घरीही चालतं का?"

टेप माझ्या कमरेभोवती घेत ते म्हणाले, "वेड कसलं त्यात? मी तीस वर्षं मापं घेतोय. तुमची कंबर किती, ते मी दुसऱ्या गिऱ्हाइकाला सांगितलं तर चालेल का तुम्हाला?"

मी पोट आत ओढलं आणि विषय बदलला.

ताईंचं म्हणणं साधं होतं. फाइल साठवताना ती एन्क्रिप्ट करा. म्हणजे अक्षरं अशी कालवून ठेवा, की चावी असल्याशिवाय कुणालाच ती वाचता येऊ नयेत. आणि चावी त्याच खोलीत ठेवू नका. आमच्याकडे खोलीला कुलूप होतं, कपाटाला कुलूप होतं, संगणकाला पासवर्ड होता. पण आतली फाइल उघडी. डिस्क काढून दुसऱ्या कुठल्याही संगणकाला लावली की माणूस नावानिशी समोर.

साहेब म्हणजे आमचे संचालक. हुशार, गोड बोलणारे. ते म्हणायचे, "ताई, फाइल उघडायला पाऊण तास जास्त लागेल. संशोधन करणारे बोंब मारतील. आणि हा अक्षरांचा ढिगारा चोरून कोण काय करणार? घरी नेऊन वाचत बसणार?"

ताई म्हणायच्या, "साहेब, पासवर्ड फुटला तर बदलता येतो. रक्तातलं फुटलं तर काय माणूस बदलून देणार आहात?"

यावर बैठकीत हशा पिकायचा. पाच वर्षांत त्यांनी सात अर्ज दिले. सातही साहेबांच्या टेबलावरून कुठे गेले ते साहेबांनाच ठाऊक.

मग साठवणीसाठी नवी यंत्रणा आली आणि जुन्या अकरा डिस्का निकालात काढायचं ठरलं. नियमाप्रमाणे प्रत्येक डिस्क पूर्ण पुसायची, म्हणजे तिच्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत निरर्थक आकडे लिहायचे. एका डिस्कला जवळपास एक दिवस लागतो. ताई तेव्हा यजमानांच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आठवडाभर रजेवर होत्या. मी पहिली डिस्क पुसायला लावली आणि दुपारी साहेब दारात.

"भंगारवाल्याची गाडी खाली उभी आहे. सगळ्या आत्ताच देऊन टाक."

"साहेब, पुसायच्या आहेत अजून."

"अरे, जुनाट माल आहे. तो वितळवूनच टाकणार. फॉर्म भर आणि मोकळा हो."

प्रत्येक डिस्कचा एक फॉर्म होता. त्यावर एक ओळ छापलेली : 'माहिती पूर्णपणे पुसल्याची मी स्वतः खात्री केली आहे.' त्याखाली मी सही केली. अकरा वेळा. मला घरी लवकर जायचं होतं, साहेबांची मर्जी मोडायची नव्हती, आणि खरं सांगायचं तर मला ते महत्त्वाचं वाटलंच नाही.

आठ महिने गेले. एक दिवस सकाळी अकराच्या सुमाराला आमच्या खिडकीशी एक माणूस येऊन उभा राहिला. पन्नाशीच्या आतला, अंगात बसचालकाचा गणवेश, छातीवरचा बिल्ला काढलेला. तिथे कापडाला दोन भोकं राहिलेली दिसत होती.

"माझं रक्त कुठे ठेवलंय तुम्ही?" त्याने विचारलं.

मी नाव विचारून शोधलं. नोंद नव्हती. "तुमची तपासणी इथे झालेली नाही," मी म्हटलं.

"नाहीच झालेली! मी रक्त दिलंच नाही!" त्याने एक कागद खिडकीतून आत सरकवला. "मग माझं नाव यात कसं?"

तो छापून काढलेला तक्ता होता. चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई. वर त्याचे वडील, काळा भरलेला चौकोन, म्हणजे आजार असलेला. खाली थोरला भाऊ, काळा भरलेला. शेजारी हा, अर्धा रेघाळलेला चौकोन, नाव, जन्मवर्ष आणि शेरा : 'तपासणी नाही. शक्यता निम्मी.'

ताई मागून आल्या. कागद पाहिला आणि त्यांचा चेहरा असा पडला की मी त्यांना बसायला खुर्ची दिली. तो तक्ता त्यांनीच बनवलेल्या नमुन्यातला होता. डाव्या कोपऱ्यात आमचा क्रमांक होता.

चालकाला आत बसवलं. तो बोलला ते त्याच्याच शब्दांत सांगतो. "माझ्या वडिलांचे हातपाय आपोआप हलायचे. शेवटी घासही तोंडात जाईना. चौदा वर्षं आईने केलं त्यांचं. तो आजार पोरांत उतरतो, एवढं मला ठाऊक होतं. भाऊ म्हणाला, तपासून घेऊ. मी म्हटलं, तू घे, मला नको. आजार निघाला तर मी उद्यापासून रोज स्वतःचे हात बघत बसेन. मला नव्हतं बघायचं. बावीस वर्षं शाळेची पोरं ने-आण करतोय, एका पोराला खरचटलं नाही. परवा मालकाने बोलावलं आणि हा कागद पुढे टाकला. म्हणे, नोकरांची चौकशी करून देणारी कुठली कंपनी आहे, तिने पाठवला. म्हणे, उद्यापासून गाडीला हात लावायचा नाही."

ताईंनी हळू विचारलं, "घरी कळलंय?"

"मुलगी नर्सिंग शिकते, बाई. कागद तिने वाचला. मला म्हणाली, बाबा, तुमची शक्यता निम्मी, म्हणजे माझी पाव. हो ना? जेवताना विचारलं. आजोबा कशाने गेले ते मी तिला कधी सांगितलं नव्हतं. वीस वर्षं सांभाळलेलं एका कागदाने फोडलं."

तो गेल्यावर ताईंनी सगळ्या जुन्या नोंदी बाहेर काढल्या. दुपारपर्यंत त्यांना माझे अकरा फॉर्म सापडले. त्यांनी ते माझ्यासमोर पत्त्यांसारखे मांडले.

"पुसल्या होत्यास?"

"साहेब म्हणाले..."

"मी साहेबांचं नाही विचारत. पुसल्या होत्यास?"

"नाही."

"अकरा वेळा सही केलीस. अकरा वेळा! हात दुखला नाही तुझा?"

जिन्यापर्यंत आवाज गेला, पण त्या दिवशी कुणी हसलं नाही. मी काहीतरी पुटपुटलो की चूक माझी, पण भंगारवाल्याने असं करायला नको होतं. त्यावर त्या आणखी भडकल्या. "भंगारवाला भंगार विकणारच! ते दुकानात गेलं, दुकानातून कुणी उचललं, उघडून पाहिलं, विकलं. माणसं चोर असतात, आळशी असतात, तुझ्यासारखी घाईत असतात. म्हणूनच कुलूप मागत होते मी! फाइलला कुलूप असतं तर ती डिस्क म्हणजे वीट होती, वीट! तू न पुसता दिली असतीस तरी त्या माणसाच्या घरात आग लागली नसती."

त्यांचा राग आता माझ्यावर नव्हता, हे कळायला मला जरा वेळ लागला. तो त्या सात अर्जांचा राग होता.

साहेबांकडे आम्ही दोघंही गेलो. ताईंनी सांगितलं की अकरा डिस्कांवर दोन हजार नऊशे कुटुंबांची माहिती होती आणि त्या प्रत्येक घराला आजच्या आज पत्र गेलं पाहिजे. साहेबांनी चष्मा काढून पुसला.

"ताई, घबराट पसरेल."

"पसरू दे. घाबरण्यासारखंच झालंय."

"एका माणसाची नोकरी गेली म्हणून अख्ख्या हॉस्पिटलचं नाव..."

"एका माणसाची नाही. तो विचारायला आला म्हणून आपल्याला कळलं. बाकीचे कशामुळे नाकारले गेले, कुणाचं लग्न का मोडलं, ते त्यांनाच माहीत नसेल!"

साहेबांनी दोन दिवस मागितले. दोन दिवसांनी त्यांनी ताईंपुढे एक टाइप केलेला कागद ठेवला. नोंदींच्या प्रमुख या नात्याने डिस्कांची जबाबदारी आपली होती आणि आपल्या दुर्लक्षामुळे हा प्रकार घडला, असं त्यात ताईंच्या वतीने लिहिलं होतं. खाली सहीची जागा मोकळी. मी तिथे भिंतीला टेकून उभा होतो. मला बोलता आलं असतं. मी बोललो नाही. ताईंनी कागद वाचला, पेन घेतलं आणि त्यावर आडवं, मोठ्या अक्षरांत लिहिलं : 'हे खोटं आहे.' खाली सही केली, तारीख घातली.

त्याच संध्याकाळी त्यांना कामावरून निलंबित केलं.

दुसऱ्या दिवशी दहाला आम्ही पाहतो तर ताई तळमजल्यावर, रक्त घेण्याच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसलेल्या. पहारेकरी त्यांना उठवायला आला. ताईंनी पिशवीतून नाव नोंदवल्याची चिठ्ठी काढली. "मी पेशंट आहे. बसायचा हक्क आहे मला." पहारेकऱ्याने चिठ्ठी वाचली. तक्रारीच्या रकान्यात लिहिलं होतं : 'डोकं तापतं.' तो हसू दाबत निघून गेला. त्यानंतर रोज सकाळी त्या नवी चिठ्ठी फाडून घ्यायच्या आणि रोज तीच तक्रार लिहायच्या.

बाकावर शेजारी जो बसेल त्याला त्या सांगत, "आत गेल्यावर एवढंच विचारा : माझी फाइल कुलूपबंद ठेवणार का, आणि चावी कुणाकडे?" बस्स. बाकी काही नाही. पण आतल्या नर्सबाईंकडे याचं उत्तर नव्हतं. त्या वर फोन करायच्या. वरून मी 'साहेबांना विचारतो' म्हणायचो. साहेब फोन उचलायचे नाहीत. लोक उठून घरी जायचे.

एकदा मी खाली गेलो तेव्हा एक पोटुशी बाई तिथे रडत उभी होती. पहिलं मूल आजारी होतं, दुसऱ्याचं काय होईल ते कळायला तपासणी हवी होती, आणि ताईंचं बोलणं ऐकून ती घाबरली होती. ताईंनी तिचा हात धरला. "तू जा आत. रक्त दे. तुला गरज आहे. तुझ्या गरजेचा फायदा घेऊन यांनी निष्काळजीपणा करू नये, म्हणून भांडतेय मी. तपासणी वाईट नाही, बाळा." मग माझ्याकडे वळून, "आणि तू काय बघतोस? हिची फाइल तरी नीट ठेव!"

दिवसाला पस्तीस नळ्या वर यायच्या त्या नऊवर आल्या. तिसऱ्या आठवड्यात हॉस्पिटलच्या विश्वस्तांनी चौकशी लावली.

चौकशी बसायच्या आधीच्या रविवारी मी ताईंच्या घरी गेलो. यजमान मशीनवर होते. दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यावर हिरवी पट्टी. ताईंनी मला बसायला सांगितलं नाही. मी उभ्यानेच म्हटलं, "ताई, मी चौकशीत सगळं सांगणार आहे."

"मग इथे कशाला आलास? शाबासकी घ्यायला?"

"नाही. भीती वाटते म्हणून."

"सही तुझी आहे. मी तुझ्यावर पांघरूण घालणार नाही. पण त्या खोलीत तुला एकट्याला धरून कुणी भुंकायला लागलं, तर मी तिथे असेन." यजमानांनी मशीन थांबवून स्टूल माझ्याकडे सरकवलं.

चौकशीत मी सांगितलं. भंगारवाल्याची गाडी, दारात उभे साहेब, अकरा सह्या. मध्येच एका विश्वस्तांनी पाणी दिलं. ताईंनी सातही अर्जांच्या प्रती टेबलावर ठेवल्या. पोच म्हणून साहेबांच्याच लघुसह्या होत्या त्यांवर. साहेब म्हणाले की त्या वेळी या गोष्टीचं गांभीर्य कुणालाच कळलेलं नव्हतं.

"मला कळलं होतं," ताई म्हणाल्या. "नळ्या धुणाऱ्या बाईला कळलं होतं. तुम्हाला कळून घ्यायचं नव्हतं!"

पुढे काय झालं ते सांगतो, पण त्याने कुणाचं समाधान होईल असं नाही. ताईंचं निलंबन मागे घेतलं. दोन हजार नऊशे घरांना पत्रं गेली. सगळ्या फाइली कुलूपबंद झाल्या. नावं वेगळीकडे, अक्षरं वेगळीकडे. चावीचे दोन भाग केले, एक डॉक्टरांकडे, एक ताईंकडे. दोघं एकत्र आल्याशिवाय एकही फाइल उघडत नाही. तक्त्यातून नातेवाइकांची नावं गेली, तिथे आता नुसते आकडे असतात. माझी बढती गेली, ते योग्यच झालं. साहेबांना मात्र दुसऱ्या शाखेत पाठवलं, निरोप समारंभ करून, गुच्छ देऊन. त्या समारंभाला ताई गेल्या नाहीत. सभागृहातून टाळ्यांचा आवाज आला तेव्हा त्यांनी हातातला स्टेपलर टेबलावर असा आपटला की त्याची स्प्रिंग उडून माझ्या बशीत पडली.

अकरापैकी चार डिस्का परत मिळाल्या. बाकीच्या सात कुठे आहेत, त्यांच्या किती नकला झाल्या, देव जाणे.

चालकाला बस परत मिळाली नाही. मालक म्हणाला, एकदा कळल्यावर न कळल्यासारखं कसं करू? तो आता आगारात गाड्यांची चाकं तपासतो. पत्र मिळाल्यावर तो एकदा आला. ताई उठून उभ्या राहिल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "दादा, तो तक्ता मी बनवला होता. मला माफ करा."

त्याने मान हलवली. "माफी नको, बाई. मला ते कळून घ्यायचं नव्हतं. ते न कळलेलं मला परत द्या. देता येतं?"

तो जिना उतरून गेल्यावर ताई कपाटं उघडून धाडधाड बंद करत राहिल्या, एकामागून एक, कारण नसताना.

मागच्या महिन्यात त्याची मुलगी आली. एकटी, नर्सिंगचा पांढरा गणवेश घातलेला. तिला स्वतःची तपासणी करायची होती. सही करण्याआधी तिने सगळे कागद वाचले, ताईंना अर्धा तास प्रश्न विचारले, आणि शेवटी म्हणाली, "माझा निकाल बाबांना कळायला नको. माझ्यात निघालं तर त्यांच्यातही आहे हे त्यांना आपोआप कळेल, आणि त्यांना ते नकोय."

"माझ्या हातून नाही कळणार," ताई म्हणाल्या. "मलाही नाही कळणार. माझ्याकडे अर्धीच चावी आहे."

निकालाच्या दिवशी डॉक्टरांनी आपला भाग घातला, ताईंनी आपला, आणि फाइल उघडताच ताई पाठ फिरवून खोलीबाहेर आल्या. वीस मिनिटांनी मुलगी बाहेर पडली. चेहऱ्यावरून मला काहीच कळेना. ती सरळ लिफ्टकडे गेली. जुनी ओळख असल्यासारखा मी तिच्याकडे बघत राहिलो, आणि मग, सवयीने, ताईंना विचारून बसलो, "काय निघालं हो तिचं?"

ताई गर्रकन वळल्या. मान लाल झाली होती.

"तुला काय करायचंय?" त्या ओरडल्या. "एवढं सगळं होऊन तू हेच विचारतोस? तुला काय करायचंय?"

मी माझ्या यंत्राकडे गेलो. त्या दिवशी सव्वीस नळ्या आल्या होत्या.